मोहाच्या हातांची साखर

सानगडीच्या बाजारात माझा दवाखाना आहे आणि माझ्याबद्दल तिथं एक कायमची तक्रार आहे. बाई तपासते बरी, पण काही लिहून देत नाही. म्हणजे रक्त-लघवीच्या तपासण्या लिहून देत नाही. तापाचा माणूस आला की त्याच्याबरोबरच्यांना आधी टायफाइडची टेस्ट हवी असते. ताप कालचा असतो, नाक गळत असतं, घरात आणखी दोघंजण शिंकत असतात, तरी टेस्ट हवीच. मी नको म्हटलं की ते उठतात, पलीकडच्या गल्लीत रक्त देतात आणि संध्याकाळी कागद घेऊन परत येतात. बघा, निघाला ना, असा त्यांचा चेहरा असतो. मी कागद बाजूला ठेवते आणि पुन्हा माणसाकडे बघते. बहुतेक वेळा तोवर त्याचा ताप उतरलेला असतो आणि भूकही लागलेली असते.

माझ्या या वागण्याचा मला अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. तपासणी वाईट असते असं मी कधीच म्हणत नाही. हवी तिथं मी भांडून करवून घेते, साकोलीला पाठवते, भंडाऱ्याला पाठवते. पण आधी काहीतरी प्रश्न पडावा आणि मग सुई टोचावी एवढं माझं म्हणणं आहे. प्रश्न न पडताच टोचत सुटलं की उत्तरं भलतीच येतात, आणि आलेलं उत्तर कोणी परत पाठवत नाही.

माझ्याहून जास्त अभिमान माझ्या आईला आहे. ती शाळेत गेलेली नाही. धानाच्या रोवणीत चिखलात वाकून आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं वेचून तिनं मला डॉक्टर केलं. धानाच्या बांधीत काम करताना बायका माझी तक्रार करायला लागल्या की ती कंबर सरळ करते आणि म्हणते, "माया पोरीले डोळे आहेत. मशीन कायले पायजे तिले?" मी तिला कितीदा समजावलंय की मशीनही लागतं. ते ती ऐकून घेते आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच म्हणते.

आमचं गाव सानगडीपासून जंगलाच्या अंगाला आहे. तिथं आई माझ्या भावाकडे राहते. मी कमवायला लागल्यावर भावानं तिला मोहावर जाणं बंद कर म्हणून सुचवलं होतं. डॉक्टरची आई टोपली घेऊन जंगलात जाते, लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी पहाटे आई नेहमीपेक्षा मोठी टोपली घेऊन निघाली. त्यानंतर हा विषय आमच्या घरात कोणी काढला नाही.

मोह वेचणं बघायला सोपं वाटतं. झाडाखालची पानं आधी झाडून जाळून टाकायची, म्हणजे जमीन मोकळी होते आणि पडलेलं फूल दिसतं. फुलं पहाटेपासून टपटप पडत राहतात, फिकट पिवळी, रसानं भरलेली, आणि ऊन चढायच्या आत ती उचलायची. त्यासाठी बायका अंधारात घर सोडतात. पोटात फार तर कोरा चहा. वेचता वेचता बोटं चिकट होतात, इतकी की फूल टोपलीत टाकलं तरी बोटाला धरून राहतं. पाणी प्यायलाच पुरत नाही तिथं हात कोण धुणार? म्हणून बायका जमिनीवरची कोरडी माती हातांवर चोळतात. चिकटपणा तेवढ्यापुरता दबतो आणि हात कोरडे दिसतात. आईचे हात मी लहानपणापासून असेच पाहिलेत. ते कोरडे दिसतात, पण धरले की आपलं बोट त्यांना चिकटून बसतं.

आईचं आणि शेजारच्या काकूचं याच मोहावरून बिनसलं होतं. आमच्या आणि त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर एक झाड आहे. दोन्ही घरं त्याला आपलं म्हणतात. झाडाच्या फांद्या दोन्हीकडे सारख्याच पसरल्यात, त्यामुळे भांडण मिटायची काही सोय नाही. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींच्या दारातून मान वळवून जातात. एकीनं विहारात पुढच्या रांगेत सतरंजी पकडली की दुसरी मागच्या भिंतीला जाऊन बसते.

गेल्या साली जयंतीच्या आठवड्यात विहाराच्या मंडळातल्या मुलांनी आरोग्य शिबिर ठेवलं. शहरातल्या कुठल्याशा लॅबवाल्यांनी त्यांना गाठलं होतं. सगळं मोफत. आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं गेलं की सकाळी उपाशीपोटी यायचं. मोहाचा हंगाम उतरणीला लागला होता, पण संपला नव्हता. आयत्या उपाशी असतातच म्हणून बायका जंगलातून निघाल्या त्या टोपल्या घरी ठेवून थेट विहाराच्या ओसरीवर. रांगेत सगळ्यात पुढे माझी आई होती. डॉक्टरची आईच आली नाही तर बाकीच्या कशाला येतील, असा तिचा हिशेब. तिला काहीही झालेलं नव्हतं. ती मंडळाच्या मुलांचा मान राखायला गेली होती.

बोटाला स्पिरिटचा बोळा फिरवला, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. साखर तीनशेच्या वर. मागच्या बाईची तशीच. तिच्या मागचीही तशीच. शिबिराच्या तरुण डॉक्टरनं प्रत्येकीला गोळ्यांचं पान दिलं. सकाळी उठल्याबरोबर एक घ्या, भात बंद करा, आणि बाकीच्या मोठ्या तपासण्यांसाठी आमच्या लॅबला या. आमचा जिल्हा धानाचा. इथल्या माणसाला भात बंद करा म्हणजे नेमकं काय करा, हे त्यानं सांगितलं नाही.

आईनं मला फोन केला नाही. पोरगी डॉक्टर आणि मायला शुगर, हे तिला स्वतःच्या तोंडानं सांगवेना. तिनं रात्री भात खाल्ला नाही. पहाटे हातपंपावर बायका जमल्या तेव्हा सगळ्यांच्या देखत तिनं पहिली गोळी गिळली. बाकीच्या बघत होत्या. डॉक्टरच्या आईला सोसली तर उद्यापासून आपणही घेऊ, असं त्यांचं ठरलं होतं. मग उपाशीपोटी ती मोहावर गेली.

मी दवाखाना उघडत होते तेव्हा वहिनीचा फोन आला. वहिनीचं बाळ लहान आहे म्हणून ती मोहावर जात नाही. आईला डबा द्यायला म्हणून ती झाडापाशी पोहोचली होती.

"ताई, मायचं काही बरोबर नाही दिसून राहिलं. झाडाखाली बसली आहे, घामानं चिंब झाली, नि काय बोलून राहिली ते समजतच नाही."

काही गोळीबिळी घेतली का, मी विचारलं. शुगरची घेतली, ती म्हणाली. शुगर कधीपासून, तर कालपासून. आणखी विचारायला वेळ नव्हता. उपाशी पोटावर साखर उतरवणारी गोळी घेऊन उन्हात वाकलेल्या म्हाताऱ्या बाईला घाम फुटला तर काय झालं असेल ते मला कळत होतं. मी म्हटलं, घोट गिळता येतो का बघ, आणि येत असेल तर साखर घाल तोंडात. वहिनी रडकुंडीला आली. डब्यात भाकर आणि भाजी होती. साखर जंगलात कुठून आणू, म्हणाली.

मी विचारलं, टोपलीत काय आहे?

तिला कळलं. तिनं फोन तसाच मातीत ठेवला. मला पलीकडून फक्त पाखरांचा आवाज येत होता आणि वहिनीचं "गिळ वो माय, गिळ" चाललेलं ऐकू येत होतं. ती फुलं पिळून त्यांचा रस आईच्या जिभेवर सोडत होती. मी गाडीला किल्ली लावली.

मी पोहोचले तेव्हा आई झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. तोंडाभोवती रस ओघळलेला, लुगडं भिजलेलं, नजर पुसट. मला ओळखलं तिनं, पण नाव माझं घ्यायच्या ऐवजी तिच्या मेलेल्या बहिणीचं घेतलं. मी घाईनं तिच्या बोटावर स्पिरिट फिरवलं आणि टोचलं. माझ्या मशीनवर आकडा आला तोही तीनशेच्या वर.

मला जे दिसत होतं ते आणि मशीन जे म्हणत होतं ते यांचा काहीच मेळ नव्हता. एक क्षण माझं मन मशीनकडे झुकलं, खोटं कशाला सांगू. छापील आकड्यात एक दरारा असतो आणि मीही त्याच शाळेत शिकलेय. पण समोर गार घाम होता, थरथरणारी हनुवटी होती. साखर चढलेला माणूस असा दिसत नाही. तिचा हात खाली ठेवायला गेले तर माझी बोटं तिच्या बोटांना चिकटून आली.

मी गाडीतली पाण्याची बाटली आणली आणि तिचा दुसरा हात धुतला. साबण नव्हता, मग पदरानं घासून घासून धुतला, पुसला, कोरडा केला आणि पुन्हा टोचलं. आकडा पन्नाशीच्या आसपास होता, तोही वहिनीनं एवढा रस पाजल्यावर. त्याआधी किती असेल याचा विचार मी तिथं केला नाही. मी आईचं डोकं मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या हातानं मोहाची फुलं पिळत बसले. ज्या फुलांनी तिला आजारी ठरवलं तीच फुलं तिला परत आणत होती. हळूहळू तिच्या डोळ्यांत ओळख आली. मग ती माझ्याकडे बघून पहिलं वाक्य बोलली, "दवाखाना कोन पाहून राहिला?"

मी हसले आणि मला रडूही आलं. वहिनी तर ढसाढसा रडली.

घरी आणून तिला गुळाचं पाणी आणि भात खाऊ घालताना मी वहिनीला विचारलं, तुझी किती निघाली होती? तिची बरोबर होती. आणखी कोणाची निघाली? वहिनीनं आठवून आठवून सांगितलं आणि मग स्वतःच थबकली. "मोहावर जानाऱ्या बायायलेच निंगाली, ताई. माणसायले नाही निंगाली कोनाले."

एवढ्यावर सगळं उलगडायला हवं होतं, पण गावानं तोवर आपला अर्थ लावून टाकला होता. डॉक्टरची आई झाडाखाली पडली ही बातमी आमच्याआधी घरोघर पोहोचली होती. कशानं पडली? शुगरनं पडली. बघा, शुगर किती वाईट असते, एवढं मोठं मशीन सांगत होतं तेच खरं झालं. आम्ही भात खात होतो तोवर चार घरांत बायकांनी गोळ्यांची पानं डब्यातून बाहेर काढली होती. आता आणखी कशाची वाट बघायची? एकीनं तर एकाऐवजी दोन घेण्याचं ठरवलं होतं. उद्या पहाटे त्या सगळ्या गोळी घेऊन, उपाशी, जंगलात विखुरलेल्या असणार होत्या. एकेका झाडाखाली एकेकटी. प्रत्येकीच्या पाठीमागे डबा घेऊन येणारी सून असतेच असं नाही.

मी शिबिराच्या डॉक्टरला फोन लावला आणि माझा स्वभाव आहे तसं बोलले. वाईट बोलले. मी दम घ्यायला थांबले तेव्हा तो पोरगा म्हणाला, मॅडम, मी येतो. भंडाऱ्याहून दुपारी तो मोटारसायकलवर आला, मशीन घेऊनच. आम्ही अंगणात बसलो. त्यानं सांगितलं की दुपारच्या आत गाव उरकायचं होतं, ज्याचा आकडा जास्त त्याला गोळी अशी त्याला वरून सूचना होती, आणि स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त आढळलं हे त्यानं वर कळवलंही होतं. मी म्हटलं, काय काय होतं विचारलंत का त्यांना? तहान, लघवी, वजन? त्यानं नाही म्हणून मान हलवली. रांग मोठी होती.

मी त्याला हात धुवायला लावले आणि त्याचीच साखर बघितली. छान होती. मग अंगणात वाळत घातलेल्या मोहातलं वरचं ओलं फूल आईनं उचललं. मी तिला पडून राहायला सांगितलं होतं, पण माझं ती कधी ऐकते? तिनं त्याचा दुसरा हात पुढं घेतला, फूल त्याच्या बोटांवर चुरडलं, चिमूटभर माती लावून चोळलं, जसं त्या रोज करतात तसं. मी त्याला म्हटलं, आता काल केलंत तसंच करा. त्यानं स्वतःच स्वतःच्या बोटावर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि टोचलं.

साडेतीनशेच्या वर.

त्यानं मशीनकडे पाहिलं, मग बोटाकडे, मग पुन्हा मशीनकडे. वहिनीनं तोंडाला पदर लावला. आई मात्र अगदी मायेनं म्हणाली, "आता तूबी घे एक गोळी, बाबू. नि उद्या उपाशी चाल माया संग मोहावर."

तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला आपण काय दिलं होतं ते नीट कळलं. तो उठून म्हणाला की घरोघर जाऊन गोळ्या परत घेतो. मला तो पोरगा तेव्हापासून आवडतो. पण मी त्याला म्हटलं की तुमचं कोणी ऐकणार नाही. मशीननं सांगितलेलं खरं झालंय असं गावाला वाटतंय. माझंही ऐकतील का याची मला खात्री नव्हती. मी तर आधीपासूनच टेस्टांच्या विरोधातली बाई.

आईनं वाळवणाची रिकामी टोपली उचलली.

मी तिला अडवलं. त्या गोळीचा जोर दिवसभर राहतो, पुन्हा घाम फुटेल, बस खाली, असं बरंच काही बोलले. तिनं पायात चपला घातल्या. "माया तोंडाकडं पाहून घेतल्या त्यायनं गोळ्या. तुमी सांगान त ऐकतीन का? मीच सांगतो."

माझ्या आईबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ती ‘मी चुकले’ असं कधी म्हणत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तरी मिठाचं काहीतरी बिघडलेलं असतं. अशी ही बाई त्या दुपारी दारोदार गेली आणि प्रत्येक उंबऱ्याशी उभी राहून एकच बोलली. मी शुगरनं नाही पडली, गोळीनं पडली. गोळी कायले आहे हे मी विचारलं नाही, तशीच घेतली, तुम्ही माझं बघून घेऊ नका. मी चुकली. मग टोपली पुढे करायची. पहिल्या दारात हे शब्द ऐकले तेव्हा मी डॉक्टरकडे पाहिलं नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि ते त्याला दिसायला नको होते.

बायकांनी सहज दिल्या असं नाही. फुकटचं औषध परत करायचं म्हणजे जिवावर येतं. एकीनं स्वतः अर्धी घेऊन नवऱ्यालाही अर्धी दिली होती, दोघांना बसवून मी खायला लावलं. दुसरीला फक्त एवढंच हवं होतं की भात खाल्ला तर चालेल का. हो म्हटल्यावर ती आत गेली आणि चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. प्रत्येक घरात मी आईसाठी साखरेचा चहा मागून घेत होते, गोळीचा जोर उतरेपर्यंत तिच्या पोटात काही जात राहावं म्हणून. काल जिला शुगर निघाली होती ती आज दारोदार गोड चहा पीत फिरत होती. शेवटी शेवटी ती माझ्यावर वैतागली. टोपली आता डॉक्टरच्या हातात होती आणि तिच्यात पानं साचत चालली होती.

ऊन उतरलं तेव्हा एकच घर राहिलं होतं. काकूचं. धुऱ्यावरच्या झाडाचं.

मी म्हटलं, इथं मी जाते. आईनं ऐकलं नाही असं दाखवलं. कित्येक वर्षांत जिच्या दारात तिनं पाऊल टाकलं नव्हतं तिच्या ओसरीवर ती चढली. काकू आतून बाहेर आली. तिच्या एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोळी. सकाळपर्यंत थांबायचं तिच्या मनात नव्हतं. आईला दारात बघून ती आहे तिथं उभी राहिली.

आई म्हणाली, "मी चुकली." काकूच्या चेहऱ्यावर इतकं आश्चर्य पसरलं की आईला घाईनं पुढचं बोलावं लागलं. "झाडाचं नाही म्हणून राहिली मी. झाड मायंच आहे. गोळीचं म्हणून राहिली."

काकूनं तांब्या खाली ठेवला. मग तळव्यावरची गोळी टोपलीत टाकली, आत जाऊन पान आणलं आणि तेही टाकलं. बसा, म्हणाली. आम्ही बसलो.

आईनं बाकी काम माझ्यावर सोडलं आणि मी सवयीप्रमाणे काकूला विचारायला लागले. काय होतं तुम्हाला, काकू? काही नाही, म्हणाली. रात्री उठावं लागतं का? लागतं, दोन-तीनदा. तहान? तांब्या उशाशीच असतो. वजन? चोळी ढिली झाली. आणि मग तिनं पायाचा अंगठा दाखवला. रोवणीच्या वेळी लागलेलं होतं आणि रोवणीपासून जयंतीपर्यंत ते भरलं नव्हतं. मी डॉक्टरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. काल रांगेत हिच्या बोटावरचा आकडाही बाकीच्यांसारखाच आला होता, आणि त्या सगळ्या खोट्या आकड्यांच्या गर्दीत हिचा खरा बुडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना हात धुवायला लावून, साबणानं धुवायला लावून, त्यांची साखर विहाराच्या ओसरीवर पुन्हा बघितली. आईची बरोबर होती. बाकीच्यांचीही. काकूचं मी शिरेतून रक्त घेतलं, उपाशी आणि जेवल्यावर, आणि साकोलीला पाठवलं, कारण आता मला प्रश्न पडला होता. उत्तर मला अपेक्षित होतं तेच आलं. तिला खरोखरच शुगर होती, आणि चांगली मुरलेली.

मी तिच्यासाठी औषध घेऊन गेले तेव्हा ती हात पुढे करीना. एकदा घ्या म्हणता, एकदा टाका म्हणता, आता परत घ्या म्हणता. आमच्या डोळ्यांदेखत एक बाई मरता मरता वाचली. तिचं बोलणं रास्त होतं. मी पायाच्या जखमेचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं, तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी ती म्हणाली, "तुही माय म्हनल त घेतो."

मी घरी जाऊन आईला सांगितलं. वाटलं होतं ती फुशारून जाईल, चल म्हणेल आणि तिथं जाऊन एका शब्दात काम उरकेल. ती आली खरी. काकूच्या ओसरीवर बसली, गोळीचं पान हातात घेतलं, उलटसुलट केलं. वाचता तर येत नाही तिला. मग ते पान तिनं माझ्या हातात परत दिलं.

"आधी मले सांग, कायले द्याची हे. नीट सांग, घाईनं नाही."

मी सांगितलं. ही गोळी शिबिरातल्या गोळीसारखी साखर एकदम पाडणारी नाही, ही जेवल्यावर घ्यायची, हिनं काय होतं, काय झालं तर लगेच मला फोन करायचा, भात किती खायचा, अंगठा कसा जपायचा, आणि ही घ्यायचीच का. आई मध्ये मध्ये विचारत होती. मोहावर जायचं असलं तर? मी म्हटलं, आधी खायचं, मग जायचं. एकटीनं? एकटीनं नको. माझ्या परीक्षांमध्ये मला इतके नेमके प्रश्न कोणी विचारले नव्हते. काकू दोघींकडे बघत होती, एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे.

सगळं ऐकून झाल्यावर आईनं माझ्या हातातलं पान घेतलं आणि काकूच्या तळव्यावर ठेवलं.

"आता घे," ती म्हणाली. "नि सकाळी माया संगच निंग. झाडाचं मंग पाहू."